थिओडोसियन तटबंदीपाशी

आज इस्तंबूलच्या जुन्या तटबंदीच्या कडेने दुपारभर चाललो. पाचव्या शतकातील या भिंतींनी अनेक वेढे परतवले होते. १४५३ मध्ये मात्र २१ वर्षांच्या ऑटोमन सुलतान दुसऱ्या मेहमदच्या तोफांनी त्यांना खिंडारे पाडली. त्यांतील प्रचंड तोफ ओतणारा ऑर्बान आधी शहर राखणाऱ्या बायझंटाइन सम्राटाकडेच गेला होता, पण रिकाम्या खजिन्यातून त्याचे वेतन निघेना. तरीही मला तोफेपेक्षा थक्क करते ती २२ एप्रिलची युक्ती: गोल्डन हॉर्न या शहरालगतच्या खाडीच्या मुखाशी साखळी आडवी असल्याने सुलतानाने आपली गलबते चरबी फासलेल्या ओंडक्यांवरून टेकडीपलीकडे ओढून खाडीत उतरवली, आणि जेमतेम ७,००० रक्षकांवर आणखी एक बाजू सांभाळण्याची वेळ आली. २९ मे रोजी शहर पडले, तेव्हा व्हेनिसचे मदतीचे आरमार अजून वाटेतच होते.