हा थकवा सुटीने जात नाही

नागपूरच्या मेडिकल किंवा मेयो या सरकारी रुग्णालयांत इमर्जन्सी डे (तातडीचे पेशंट घेण्याचा दिवस) संपला म्हणून जेआर-१ ची, म्हणजे पहिल्या वर्षाच्या निवासी डॉक्टरची, ड्यूटी संपत नाही. सकाळचा राऊंड, ओपीडी, ब्लड बँकेच्या चकरा पुढे असतातच, आणि छिंदवाडा, बालाघाट, गडचिरोलीहून येणारे पेशंटही थांबत नाहीत. सलग २४ तास जागलेला माणूस रक्तात ०.१ टक्का अल्कोहोल असल्यासारखा चुकतो, हे १९९७ च्या प्रयोगात दिसलं. आपल्याकडे गाडी चालवायची मर्यादा ०.०३ टक्के. ज्याला वर्धा रोडवर स्कूटीही चालवू देऊ नये, त्याच्याकडून आपण पोटॅशियमचा डोस मोजून घेतो!

जागतिक आरोग्य संघटनेच्या यादीत बर्नआउट, म्हणजे कामाच्या सततच्या ताणाने आतून रिकामं होणं, आजार म्हणून नाही, कामातून उद्भवणारी अवस्था म्हणून आहे. म्हणून उपायही आधी ड्यूटीच्या तक्त्यात शोधायला हवा. नुसता थकवा दोन रात्रींच्या झोपेने उतरतो. पेशंट ‘बेड नंबर १२’ झाला, नातेवाइकाचा प्रश्नच नकोसा वाटू लागला आणि आपण काही उपयोगाचं करतोय असं वाटेनासं झालं, की ती पुढची पायरी, म्हणजे बर्नआउट. युनिटमधल्या वरिष्ठांनी ही भाषा ऐकली, तर रागावण्याआधी त्या मुलाच्या गेल्या दोन आठवड्यांच्या नाईट मोजाव्यात.

सर्वांत जास्त बिघडतं ते हँडओव्हरमध्ये, म्हणजे ड्यूटी संपताना पेशंट पुढच्या डॉक्टरकडे सोपवताना. ‘बाकी सगळं ठीक’ म्हणून निघालेल्याला हॉस्टेलवर पोचेपर्यंत चार फोन येतात आणि झोप मोडते. त्यापेक्षा सगळ्यांत गंभीर तीन पेशंट दोघांनी बेडपाशी उभं राहून बघा. कोणता रिपोर्ट यायचाय, तो कोण बघणार, ब्लड प्रेशर पडलं तर आधी काय करायचं, हे लिहून द्या. पंधरा मिनिटं लागतात, पण नंतरचे फोन वाचतात.

पहाटे डुलकी घ्यायची तर गजर लावून वीस मिनिटं. तासभर झोपलात तर गाढ झोपेतून उठल्यावर डोकं जड राहतं. लगेच प्रोसिजर करू नका. सकाळी नऊला झोपायचं असेल तर शेवटची कॉफी तीनच्या आत, कारण पाच तासांनंतरही जवळपास निम्मं कॅफिन शरीरात असतं. मे महिन्यात झोपण्याआधी कूलरची टाकी काठोकाठ भरा. दुपारी पाणी संपलं की खोलीत नुसती गरम हवा फिरते आणि झोप तिथेच संपते.

धंतोली-रामदासपेठेतल्या स्वतःच्या हॉस्पिटलवाल्यांचं दुखणं वेगळं: कर्जाचे हप्ते आणि चोवीस तास वाजणारा फोन. त्यांच्यासाठी त्याच शाखेतल्या तिघांनी लेखी रोटा (पाळ्यांचा तक्ता) करावा. ज्याचा शनिवार-रविवार, फोन त्याच्याकडे. बाकी दोघांचे नंबर त्या दिवशी रिसेप्शननेही देऊ नयेत. पेशंट पळवला जाईल ही भीती खरी असते, म्हणून सोमवारी पेशंट मूळ डॉक्टरकडे परत पाठवायचा, हे पहिल्याच दिवशी कागदावर घ्या.

झोप उडाली असेल, जीव नकोसा वाटत असेल तर रोट्याची वाट पाहू नका. टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर चोवीस तास सुरू असतो, डॉक्टरांसाठीही.