तुम्ही विचारलंत म्हणून: फोटोत माणसं का नाहीत?

बेळगाव जिल्ह्यातल्या कणकुंबीच्या सहलीचे फोटो बघून प्रत्येक जण हेच विचारतो: सगळं घर गेलं होतं ना, मग ही नुसती झाडंच कशी? एकदाच लिहून टाकते.

माणसं रोज दिसतात. करवीचं झुडूप आठ वर्षांनी फुलतं आणि बी धरून वाळून जातं. त्या भाद्रपदात जांबोटी सोडल्यापासून रस्त्याच्या कडा जांभळ्या झाल्या होत्या. मी काय गाडीतल्यांचे फोटो काढत बसू? हे उत्तर मी पुष्कळ वर्षं ठसक्यात दिलं.

माउली देवीचं दर्शन घेतलं, मलप्रभा नदीच्या कुंडाचं पाणी डोळ्यांना लावलं, मग चोर्ल्याच्या बाजूच्या कातळाच्या सड्यावर गेलो. तिथं सीतेची आसवं म्हणतात ती फुलं, नखाएवढी. शेजारी दवबिंदू या किडे पकडणाऱ्या रोपाची तांबडी, चिकट पानं. एकावर चिलट अडकलं होतं, पाय अजून हलत होते. वहिनी छत्रीतून ओरडत होती, "पोरं भिजाय लागलीत, चला की!"

परतताना वाऱ्यानं करवी हलायची थांबेना, म्हणून बाबांनी फांदी धरली. खानापूरकडच्या त्यांच्या जुन्या घराला करवीचेच कूड होते, शेणामातीनं सारवलेले. "कुडाला लागते ती. तिचे कसले फोटो काढतेस?" म्हणाले, पण फांदी सोडली नाही. "आटप की, हात अवघडला."

बाबा गेले तेव्हा भिंतीवर लावायला फोटो हवा होता. आत्यानं माझा मोबाईल घेतला. करवी, करवी, दवबिंदू, शेरवड, पुन्हा करवी. एकात बाबांचा अंगठा आणि मनगटावरचं घड्याळ. सगळ्या पाहुण्यांपुढं तिनं मोबाईल माझ्या मांडीवर टाकला. "बापाचा एक धड फोटो नाही तुझ्याकडं. ही झाडं काय बाराव्याला ठेवायची?" कुणी काही बोललं नाही. आई कपबशा उचलून आत गेली. शेवटी ओळखपत्रावरचा फोटो मोठा करून घेतला. त्यात ते कुणी तरी तिऱ्हाईतच वाटतात.

बाबांना फोटोचा कंटाळा होता, कॅमेरा दिसला की मान फिरवायचे. हे खरं आहे. मी कधी आग्रह केला का, ते मात्र विचारू नका. 'माणसं रोज दिसतात' हे आता माझ्या तोंडून निघत नाही. तरी त्या दिवशी करवी सोडून गाडीकडे वळायला हवं होतं, हेही मला कबूल नाही.

दादा म्हणतो, तो घड्याळाचा फोटोच फ्रेम करू. आत्या म्हणते, नको ते खूळ. दोघंही माझ्याकडे बघतात, आणि मी विषय बदलते.