काजळचा घाणा

"ताई, साखर विसरलाय बघा यात," बेकरीवाले मामा म्हणाले.

मी घरून मळून नेलेला गोळा त्यांनी बोटानं दाबून पाहिला होता. तुपाचा वास नाही, वेलदोडा नाही, रंग भाकरीच्या पिठासारखा. मे महिना होता. सांगलीत सुट्टीला पोरं आली की मैदा, तूप, साखर डब्यात भरून बेकरीत न्यायची आणि बिस्किटं भाजून आणायची, ही पद्धत आमच्याकडं अजून आहे. त्याच रांगेत मीही डबा घेऊन उभी होते.

"विसरले नाही मामा. आमच्या काजळसाठी आहेत. कुत्री आहे आमची."

आता हे नको म्हणणार, असं मला वाटलं. लोकांच्या खाण्याची भट्टी आहे, तसं म्हणाले असते तरी मी समजून घेतलं असतं. त्यांनी विचारलं, "यात घातलंय काय?" शाळूचं पीठ, कणीक, शेंगदाण्याचं कूट, उकडलेला तांबडा भोपळा आणि अंडं, मी सांगितलं.

"मग हे माणसानं खाल्लं तरी चालंल की. सगळ्यांचं झाल्यावर शेवटच्या घाण्याला ठेवतो. भट्टी निवत आलेली असती तवा."

ही २०२२ सालची गोष्ट. त्याच्या दोनच महिने आधी काजळ मरता मरता वाचली होती.

काजळ आमच्याकडं आली ती २०१९ च्या ऑगस्टमध्ये. महापुराचं पाणी गावभागात शिरलं तेव्हा कितीतरी माणसं आमच्या विश्रामबागच्या बाजूला आली. त्या गर्दीत कुणाबरोबर आलं की एकटंच चालत आलं देव जाणे, पण एक मूठभर काळं पिल्लू आमच्या गेटच्या आडोशाला थरथरत बसलेलं सासूबाईंना दिसलं. पूर ओसरला, लोक आपापल्या घरी गेले, पिल्लाला शोधायला कुणी आलं नाही. गावठीच आहे, कान एक उभा, एक पडलेला, वजन आता १४ किलो.

मी मार्केट यार्डात एका बेदाण्याच्या अडत दुकानात हिशेब लिहिते, त्याला सोळा वर्षं झाली. तासगाव, सावळज, कवठेमहांकाळकडच्या शेडवर द्राक्षं वाळली की मार्चमध्ये सौद्यांना जोर चढतो. हिरवा, पिवळा, काळा, प्रत्येक मालाचा भाव वेगळा, त्याचा कागद वेगळा. सांगलीच्या बेदाण्याला भौगोलिक मानांकन मिळालं तेव्हा दुकानात आम्ही पेढे वाटले होते. माझ्या घरात बेदाणा नाही असा दिवस नसतो. शिऱ्यात, चिवड्यात, पोरांच्या डब्यात, येता-जाता तोंडात.

आणि कुत्र्याला बेदाणा विष असतो, हे मला माहीत नव्हतं.

त्या मार्चमध्ये मी हिरव्या बेदाण्याची पाव किलोची पिशवी आणून सोफ्यावर पर्सशेजारी ठेवली आणि हातपाय धुवायला गेले. परत येते तर पिशवी फाटलेली, काजळ शेपटी हलवत उभी. मला हसू आलं होतं. धाकटीनं मात्र शाळेत कुठंतरी ऐकलेलं, ती म्हणाली, आई, द्राक्षं कुत्र्यांना चालत नाहीत ना? मी डॉक्टरांना फोन लावला. ते एकच म्हणाले, "किती खाल्ले ते मोजा आणि लगेच घेऊन या." उरलेले बेदाणे मी काट्यावर घातले, ४० ग्रॅम कमी भरले.

पोटात गेल्यावर पहिल्या एक-दोन तासांत उलटी करवता आली तर बरंच विष बाहेर पडतं. आम्ही वेळेत पोचलो. इंजेक्शन दिल्यावर पाण्यानं फुगलेले बेदाणे बाहेर पडले, ते मी डोळ्यांनी पाहिले. मग दोन दिवस सलाईन आणि मूत्रपिंडासाठी रक्ताची तपासणी. मूत्रपिंड बिघडलं की रक्तात चढतं ते क्रिएटिनिन वाढलं नाही, पण तिसऱ्या दिवसाचा रिपोर्ट हातात येईपर्यंत माझ्या पोटात अन्न गेलं नव्हतं. डॉक्टरांनी नीट समजावलं. द्राक्ष असो की बेदाणा, काही कुत्र्यांची मूत्रपिंडं त्यानं निकामी होतात. एखादा कुत्रा मूठभर खाऊन ठणठणीत राहतो आणि दुसरा थोड्याशा बेदाण्यांनी जातो, म्हणून अमुक इतके चालतील असा आकडा कुणी देऊ शकत नाही. आमचा शेजारी सांगत होता, आमच्या शेडवरची कुत्री तर खाली पडलेला माल खातात, त्यांना काय होत नाही. नसेल होत. पण जी गेली ती कशानं गेली, हे शेडवर कोण बघत बसतं?

कारणाचा उलगडाही अगदी अलीकडचा आहे. अमेरिकेत घरी केलेला खेळायचा मऊ रंगीत गोळा, ज्यात क्रीम ऑफ टार्टर, म्हणजे टार्टारिक आम्लाच्या क्षाराची पांढरी पूड घालतात, तो खाऊन कुत्री आजारी पडली. लक्षणं हुबेहूब द्राक्षाच्या विषबाधेसारखी. त्यावरून तिथल्या पशुवैद्यांनी २०२१ मध्ये मांडलं की यामागं टार्टारिक आम्ल असावं. द्राक्षात ते भरपूर असतं आणि आपल्या चिंचेतही. हे कळल्यापासून चिंच घातलेली आमटी काजळच्या भांड्यात जायची बंद झाली. बेकरीच्या सामानाच्या दुकानात मिळणारी काही बेकिंग पावडरही याच टार्टरची असते, म्हणून माझ्या बिस्किटांत पावडर, सोडा काहीच नसतं. कुत्र्याला बिस्कीट फुगलेलं हवं असतं कुठं?

बिस्किटं का करायला लागले ते सांगायचं राहिलंच. सासूबाईंनी पण विचारलं होतं, "चपाती खाते, भाकरी खाते, अंडं खाते, तिला बिस्किटं कशाला?" त्यांचं चुकीचं नव्हतं. पण काजळ गेटशी बसते आणि गल्लीतलं प्रत्येक माणूस तिला काहीतरी देतं. दूधवाला गोड बिस्कीट देतो, शाळेला जाणारी पोरं डब्यातलं देतात, समोरच्या काकी संध्याकाळी भडंग टाकतात. भडंगात लसूण, वरून कांदा चिरलेला. कांदा-लसूण कुत्र्याच्या रक्तातल्या तांबड्या पेशी फोडतात, हेही मला त्या तीन दिवसांतच कळलं. आता गल्लीत दारोदार जाऊन देऊ नका म्हणून सांगायचं? जी माणसं तिच्यावर जीव लावतात त्यांना? ते माझ्यानं झालं नसतं. म्हणून ठरवलं, द्या, पण मी दिलेलं द्या.

माप सांगते. शाळूचं पीठ एक वाटी, कणीक एक वाटी, भाजून सोललेल्या शेंगदाण्यांचं कूट अर्धी वाटी, उकडून पाणी निथळलेला भोपळा साधारण १५० ग्रॅम, एक अंडं. नुसत्या शाळूची केली होती, पण ज्वारीला चिकटपणा नसतो, लाटतानाच कडा फुटल्या. कणकेनं आणि अंड्यानं ती धरतात. पाणी घालायचं नाही, भोपळ्याच्याच ओलाव्यात घट्ट मळायचं. अर्धा सेंटिमीटर जाड लाटून करंजीच्या कातण्यानं शंकरपाळ्यांसारखे तुकडे पाडते. मीठ नाही, साखर नाही, गूळ नाही. कुत्र्याच्या जिभेवर चवीच्या कळ्या आपल्यापेक्षा खूप कमी असतात, ती खातात नाकानं. भाजलेल्या दाण्याचा वास आला की त्यांना बाकी काही लागत नाही.

दाण्यांबद्दल मी फार काटेकोर आहे. कूट घरचंच. बाजारातलं पीनट बटर घेणार असाल तर बरणीवरची बारीक अक्षरं वाचा. बिनसाखरेच्या म्हणून विकल्या जाणाऱ्या काहींत झायलिटॉल नावाचा साखरेऐवजीचा गोड पदार्थ असतो, त्यानं कुत्र्याची रक्तातली साखर एकदम खाली येते, यकृतही जातं. आणि दाणे खवट, काळपट, बुरशी धरलेले असतील तर ते कुत्र्याला घालून संपवू नका. आपल्याकडं ही सवय फार आहे, आपल्याला नको झालेलं जनावराला. बुरशीतलं अफ्लाटॉक्सिन नावाचं विष त्याच्या यकृतालाही तितकंच लागतं, किंबहुना लहान जीव म्हणून जास्तच.

बुरशीचा धडा मी स्वतः घेतला. ओव्हन घेतल्यावर जुलैमध्ये पहिला घाणा घरी केला. १८० वर वीस मिनिटं, वरून छान रंग आला, मी डबा भरून ठेवला. चौथ्या दिवशी झाकण उघडलं तर हिरवट ठिपके. वरून करकरीत दिसणारं बिस्कीट आत ओलं राहिलं होतं, त्यात आमच्याकडची पावसाळी हवा. सगळा डबा फेकला. मामांच्या भट्टीतली पंधरा दिवस टिकायची, मग माझी का नाही? जाऊन विचारलं. म्हणाले, "तुम्ही भाजताय, वाळवत न्हाई. तुमचा ट्रे मी कवा काढायचो? दुसऱ्या दिवशी सकाळी."

म्हणजे त्यांनी शेवटचा घाणा म्हणून ठेवला होता तो माझ्या भल्यासाठीच. निवत जाणाऱ्या भट्टीत रात्रभर त्यातलं पाणी निघून जायचं. आता मी १६० वर चाळीस मिनिटं भाजते, मध्ये एकदा उलटते, मग ओव्हन बंद करून दार न उघडता रात्रभर तसंच ठेवते. सकाळी एक मोडून बघते. कट्ट आवाज आला आणि आतला रंग बाहेरच्यासारखा असला तरच डब्यात. वाकलं तर पुन्हा वीस मिनिटं आत. पावसाळ्यात डबा फ्रीजमध्ये, आठवड्याचंच बाहेर.

आता हिशेब, तो केल्याशिवाय मला चैन पडत नाही. वरच्या सगळ्या मापाच्या मिळून साधारण १२८० कॅलरी होतात. तुकडे पडतात ८०. म्हणजे एकाला १६. काजळच्या वजनाला दिवसाला ८०० च्या आसपास लागतात आणि असलं वरचं खाणं दहा टक्क्यांच्या वर जाऊ नये, म्हणजे ८०. पाच बिस्किटं. मी चारच धरते, कारण सासूबाई गुपचूप चपाती देतात ते मला माहीत आहे.

गेटला आतल्या बाजूनं एक छोटा स्टीलचा डबा टांगलाय. त्यात रोज सकाळी मोजून चार टाकते. एक दूधवाल्याचं, एक काकींचं, दोन पोरांची. डबा रिकामा तर आजचं झालं, हे सगळ्यांना पाठ आहे. पहिल्या आठवड्यात काकी जरा रुसल्या होत्या, आमच्या हातचं चालत नाही का म्हणून. मी त्यांना बेदाण्याचं, लसणीचं सगळं सांगितलं. दुसऱ्या दिवशी त्या संध्याकाळी पाच वाजता स्वतः आल्या, डबा उघडला, बिस्कीट काढलं आणि काजळला म्हणाल्या, "बस." ती बसली. तिला बस म्हटल्यावर बसता येतं हे तोवर आम्हालाच माहीत नव्हतं. काकींनी कधी शिकवलं कोण जाणे.

सौद्याच्या दिवसांत मी घरी आल्यावर आधी पर्स खुंटीला वर टांगते, ओढणीचं टोक झाडते, मग काजळला जवळ घेते. नमुन्याच्या पुड्या घरी आणणं बंद. शिऱ्यातला बेदाणा आहे, पण त्याचा डबा आता वरच्या फळीवर असतो.

गेल्या दिवाळीत नानकटाईचं सामान घेऊन बेकरीत गेले. मामांनी तूप पाहिलं, साखर पाहिली, मान डोलावली आणि मग माझ्या पिशवीत वाकून बघितलं.

"आणि काजळचा घाणा?"

"मामा, तो आता मी घरीच करते. ओव्हन आहे."

"ओव्हन असू द्या. दिवाळी हाय, तिचं बी इथंच हुतंय. दहानंतर आणा, भट्टी निवाय लागली की ठेवतो."

घरी जाऊन मी भोपळा उकडायला लावला.