बरं झालं

मंगळवार, रात्र

कपाट आवरताना २०१८ ची निरीक्षणवही हाती लागली. २२ मार्चच्या ओळीत माझ्याच अक्षरात लिहिलंय: ‘पडला. बरं झालं.’ तेव्हापासून ते दोन शब्द डोक्यातून जात नाहीत.

पडला तो ह्युमॅनिटी स्टार नावाचा उपग्रह. मीटरभर व्यासाचा, कार्बन फायबरचा, सपाट पैलूंचा गोळा, वर आरशासारखे लखलखीत ६५ पत्रे. २१ जानेवारीला न्यूझीलंडच्या माहिया द्वीपकल्पावरून इलेक्ट्रॉन रॉकेटमधून गेला. त्याने कुठलंच मोजमाप करायचं नव्हतं. फिरायचं, चमकायचं, लोकांनी माना वर कराव्यात म्हणून. ते रॉकेट बनवणाऱ्या रॉकेट लॅब कंपनीच्या पीटर बेक यांची कल्पना. सांगितलं मात्र तो वर पोहोचल्यावर, आणि तिथेच बिनसलं. डिस्को बॉल, जाहिरात, कचरा, आकाशावरची रंगरंगोटी, खगोलवाल्यांनी काय काय म्हटलं! मीही म्हटलं. इकडे सुलूमावशी, ज्यांनी जन्मात उपग्रह पाहिला नव्हता, त्या जिन्यात थांबवून विचारायच्या, ‘तो आरशांचा गोळा आज किती वाजता?’

मी त्यांना काय उत्तर दिलं ते वहीत नाही. आठवतंय, पण जाऊ दे.

राग खोटा नव्हता. दुर्बिणीला कॅमेरा लावून मिनिटन्‌मिनिटं उजेड गोळा करायचा आणि मधूनच कुणाचा तरी आरसा चमकून जायचा, हे सोसवत नाही. पण मग जपानच्या अजिसाईवर मी कधी रागावल्याचं वहीत दिसत नाही. तोही आरशांचाच गोळा. १९८६ साली गेलेला, सव्वादोन मीटरच्या आतबाहेर व्यास, ६८५ किलो वजन, अंगावर ३१८ आरसे आणि लेसर परतवणारे १,४३६ छोटे प्रिझम. सुमारे १,५०० किलोमीटरवर अजून फिरतोय, अजून लुकलुकतोय. त्याच्या चमका ताऱ्यांच्या पार्श्वभूमीवर टिपून दिशा काढायची, लेसरने अंतर काढायचं, म्हणजे जमिनीवरची ठिकाणं नेमकी बसवता येतात. त्याला काम होतं म्हणून त्याची चमक चालली. याला काम नव्हतं म्हणून हा कचरा. इतकं साधं होतं का माझं? मे २०१९ मध्ये इंटरनेट पुरवणाऱ्या स्टारलिंकचे पहिले ६० उपग्रह एकदम गेले, आता तर हजारो आहेत. त्यांनाही काम आहेच.

संध्याकाळी वही पुन्हा उघडली. फेब्रुवारीत सात ओळी आहेत. तारीख, वेळ, दिशा, उंची, सगळं भरलेलं. शेवटचा रकाना ‘दिसला?’ आणि त्यात सातही वेळा आडवी रेघ.

म्हणजे मी तो एकदाही पाहिला नव्हता. थंडीत सात वेळा गच्चीवर जायचं, मान अवघडेपर्यंत उभं राहायचं आणि रेघ मारून खाली यायचं. नाना तेव्हा जिना चढून वर यायचे. असो. मला वाटायचं, सगळ्या जगाला दाखवायला सोडलेली वस्तू तेवढी मलाच दिसत नाही.

दिसली नाही याची कारणं मात्र सरळ आहेत. गुळगुळीत गोळा सूर्याचा उजेड चहूकडे पसरतो, म्हणून मंद पण सतत दिसतो. सपाट पैलू तसं करत नाही, तो कवडसा टाकतो. सूर्याची तबकडी आपल्याला अर्ध्या अंशाची दिसते, म्हणून कवडसाही अर्ध्या अंशानेच फाकतो. ५०० किलोमीटरवरून जमिनीवर पडेपर्यंत तो जेमतेम साडेचार किलोमीटर रुंद. त्यात आरसा एक अंश वळला की कवडसा दोन अंश सरकतो. गोळा सेकंदाला एक फेरी मारतो असं धरलं, तर कवडसा आपल्या डोक्यावर सेकंदाच्या हजाराव्या भागापेक्षाही कमी वेळ थांबतो. सरकता तारा शोधत बसलं तर हाती काही लागत नाही. शोधायची ती तुटक लुकलुक, तीही सूर्यास्तानंतर किंवा सूर्योदयाआधीच्या तास-दीड तासात. एरवी तेवढ्या उंचीवरचा गोळा बहुतेक पृथ्वीच्या सावलीत असतो.

आणि वेळ. कक्षा साधारण २९० ते ५२० किलोमीटर, वजन दहा किलोच्या आसपास, अंग मीटरभर. किलोमागे हवेला भिडणारं क्षेत्र मोजलं तर लेजिऑस या लेसर परतवणाऱ्या उपग्रहाच्या (६० सेंटिमीटर, चारशे किलोंहून जड) ढोबळमानाने शंभरपट भरतं. तिथली हवा विरळ असली तरी इतक्या हलक्या गोळ्याला खाली ओढायला पुरते. नऊ महिने टिकेल असा अंदाज होता, दोनच महिने टिकला. कक्षा खाली येते तशी फेरीची वेळ कमी होते आणि उपग्रह सांगितलेल्या वेळेच्या आधी येऊन जातो. म्हणून अशा गोळ्याचे कक्षाघटक, म्हणजे तो कधी कुठे असेल हे काढायचे आकडे, त्या दिवसाचेच घ्यावे लागतात. आठवड्याचे शिळे घेतले तर वेळ मिनिटांनी चुकते.

सातही ओळींच्या डोक्यावर मी कक्षाघटकांची तारीख लिहिली आहे. एकच तारीख, सातही ओळींना.

हे दिसल्यावर थोडा वेळ नुसती बसून राहिले. कदाचित तो आधीच येऊन गेला असेल आणि मी तो गेल्यावर गच्चीवर पोहोचले असेन. सुलूमावशींनाही मीच वेळ सांगितली होती. तीच वेळ.

‘बरं झालं’ खोडलेलं नाही. तेव्हा तसंच वाटलं होतं. त्याखाली पेन्सिलीने अजिसाईसाठी रकाने आखलेत, कक्षाघटकांच्या तारखेचा रकाना प्रत्येक ओळीला वेगळा. साध्या द्विनेत्रीतून त्याच्या चमका दिसतात. उद्या संध्याकाळी घटक ताजे घेऊन वेळ काढेन आणि मावशींना हाक मारेन. गुडघे दुखतात त्यांचे, पण येतील.