किलोवर नाही, नगावर

मण्यांचा बाजार वजनावर आणि माळेवर चालतो. मुंबईत भुलेश्वरच्या गल्लीत भाव विचारा, उत्तर किलोत येतं, फार तर गुच्छात. तिथल्या एका जुन्या व्यापाऱ्यांनी आमचा काचेचा पोपट तळहातावर घेतला, उलटासुलटा करून पाहिला, छिद्रातून उजेड येतो का तेही बघितलं. "काम चांगलंय," म्हणाले आणि लगेच पुढचा प्रश्न आला, "किलोला काय लावणार?" माणूस भला होता, थट्टा करत नव्हता. त्यांना मण्याचं दुसरं मापच ठाऊक नव्हतं. खरं सांगायचं तर तेव्हा आम्हालाही नव्हतं.

आम्ही ठाण्यात वागळे इस्टेटमधल्या एका गाळ्यात काचेचे मणी करतो. साच्यात ओतून नाही, ज्योतीवर हाताने घडवून. मोदक, हापूस, कैरी, पोपट, पापलेट, शंख आणि तुळशीवृंदावन. वृंदावन फारसं खपत नाही, पण ते यादीतून काढायला माझं मन होत नाही. मी, माझी धाकटी जाऊ, लोकमान्यनगरच्या तीन बायका आणि नाना, म्हणजे माझे सासरे, एवढा आमचा संसार. नाना आता बर्नरवर बसत नाहीत, पण खुर्ची बर्नरच्या शेजारीच लागते.

सुरुवात नानांपासूनच झाली. त्यांचं आयुष्य प्रयोगशाळेची काचसामग्री करणाऱ्या एका कारखान्यात काच फुंकण्यात गेलं. कंडेन्सर, चंबू, वळणावळणाच्या नळ्या, सगळा माल ठाणे-बेलापूर पट्ट्यातल्या केमिकल कंपन्यांना जायचा. निवृत्त होताना त्यांनी आपला जुना बेंच बर्नर विकत मागून घेतला. मी तेव्हा नौपाड्यात एका ऑफिसात टॅलीवर हिशेब लिहायचे आणि घरी हौसेने कानातली करायचे. एकदा म्हटलं, "नाना, मला एक मणी करून द्या ना." त्यांनी दोन मिनिटांत दिला. स्वच्छ, गोल, पाण्याच्या थेंबागत पारदर्शक. "रंगीत नाही का होणार?" यावर नाना म्हणाले, "होईल. पण ती काच निराळी. ही सोसते, ती रुसते."

त्या रुसण्यामागचं शास्त्र असं. प्रयोगशाळेची काच म्हणजे बोरोसिलिकेट. तापली की ती फार थोडी फुगते, म्हणून गरम चंबू गार फरशीवर ठेवला तरी बहुधा टिकतो. मण्यांसाठी जी मऊ रंगीत काच वापरतात ती सोडा-लाइम जातीची. ती बोरोसिलिकेटच्या जवळजवळ तिप्पट फुगते. कमी उष्णतेत वितळते आणि रंग तर शेकड्यांनी मिळतात, पण एकाच मण्याचा एक भाग तापलेला आणि दुसरा निवलेला राहिला की टचकन तडकते. गोल मण्याला ही अडचण कमी, कारण तो सगळीकडून सारखा निवतो. पोपटाचं पोट जाड आणि शेपूट बारीक. तुम्ही डोळा लावण्यात गुंतलात की तेवढ्यात शेपूट गार होऊन गळून पडलेली असते. म्हणून दर थोड्या वेळाने अख्खा पोपट ज्योतीतून फिरवून आणायचा, आणि तोही असा की आधी काढलेली चोच वितळणार नाही. आमच्या कामातलं निम्मं कौशल्य घडवण्यात आहे, निम्मं घडवलेलं ऊबदार ठेवण्यात.

मोदकाचं जरा सविस्तर सांगते, कारण आम्हाला नाव मोदकानेच मिळालं. स्टीलच्या बारीक सळईला मातीचा लेप देऊन वाळवायचा. हा लेप नसेल तर काच सळईला कायमची बसते. मग डाव्या हातात सळई, उजव्या हातात काचेची कांडी. कांडीचं टोक ज्योतीत वितळलं की सळई फिरवत फिरवत काच तिच्यावर गुंडाळत जायची. ही काच काकवीसारखी ओघळते, त्यामुळे फिरवणं क्षणभरही थांबवता येत नाही. बूड भरलं की वरचा भाग निमुळता ओढायचा. नंतर पातळ पोलादी पट्टीने खालून वर एकेक कळी दाबत न्यायची. सगळ्या कळ्या शेंड्याला सळईभोवती जमल्या पाहिजेत, कारण छिद्र शेंड्यातूनच निघणार असतं. एक कळी तिरकी गेली तर मोदकाचा लसूण होतो. आमच्याकडे सर्वांत देखणा मोदक जिच्या हातून उतरतो, तिला उकडीचे मोदक अजिबात वळता येत नाहीत. दर गणपतीत ती बाहेरून आणते आणि आम्ही दर गणपतीत तिला छळतो.

छिद्राचा विचार आधी करावा लागतो हे बाहेरच्यांना पटकन लक्षात येत नाही. शिल्प टेबलावर ठेवायचं असतं, मणी लटकतो. छिद्र वजनाच्या मध्याखाली गेलं की पोपट दोऱ्यात शीर्षासन करतो. छिद्राच्या कडा आत वळलेल्या हव्यात, नाहीतर धार राहते आणि महिन्याभरात पोत तुटते. सळई काढल्यावर आतला लेप हिऱ्याच्या कानशीने खरवडायचा, तोही पाण्याखाली, कारण ती धूळ छातीत जाणं वाईट. या कामाला कुणी कला म्हणत नाही, पण माल परत येतो तो याच कारणाने.

रंगांचं जग वेगळंच. लाल, केशरी, पिवळ्या कांड्या ज्योतीत गेल्या की काळपट दिसतात, नव्या मुलीला वाटतं रंग जळाला. निवल्यावर तो परत येतो. त्यात तापलेल्या काचेतलं सोडियम असा पिवळा भपका मारतं की आतलं काहीच दिसत नाही. तो भपका गाळणारा डिडिमियमचा चष्मा लावल्याशिवाय आमच्याकडे कुणी बर्नरसमोर बसत नाही. आणि काही रंगांचं आपसात पटत नाही. हस्तिदंती काचेवर फिरोजी ठिपका दिला की कडेने काळपट रेघ उमटते. फिरोजीतलं तांबं आणि हस्तिदंतीतलं गंधक यांचा हा प्रताप. आम्ही तीच रेघ पापलेटच्या डोळ्याला आणि कल्ल्याला वापरतो, वेगळा रंग लावावा लागत नाही.

कांड्या दोन ठिकाणांहून येतात. महाग रंग इटलीतल्या मुरानोचे, आणि रोजचे उत्तर प्रदेशातल्या पुरदिलनगरचे. काचमण्यांवर जगणारं हे गाव हाथरस जिल्ह्यात आहे. मुरानोच्या कांडीचं प्रसरण, म्हणजे तापल्यावर फुगणं, किती ते ठरलेलं असतं. आम्हाला मिळणाऱ्या देशी कांडीच्या प्रत्येक लॉटची मात्र परीक्षा घ्यावी लागते. नानांनी शिकवलेली रीत सोपी आहे. दोन काचा शेजारी-शेजारी वितळवून चिकटवायच्या आणि लांब तार ओढायची. निवल्यावर तार सरळ राहिली तर दोघींचं जमतं. धनुष्यासारखी वाकली तर लग्न मोडायचं.

मणी घडून झाला की तसाच भट्टीत जातो. ५१० अंश सेल्सिअसच्या आसपास तासभर ठेवून काचेतला ताण जाऊ द्यायचा, मग पारा ४०० च्या खाली उतरेपर्यंत अगदी सावकाश निववायचं. जाड मण्यांना याहून जास्त वेळ. ही पायरी गाळलेला मणी दिसायला तसाच दिसतो, विकलाही जातो, आणि दोन महिन्यांनी कुणाच्या तरी गळ्यात आपोआप दुभंगतो. पारदर्शक मण्यात ताण उरलाय का हे नाना अजूनही दोन ध्रुवक काचांमध्ये, म्हणजे एकाच दिशेचा उजेड जाऊ देणाऱ्या काचांमध्ये, धरून तपासतात. ताण असेल तिथे उजेड चमकतो.

भट्टी विजेची असल्याने आमचं वेळापत्रक वीज ठरवते. वागळे इस्टेटची सुट्टी शुक्रवारची, दुरुस्तीसाठी वीज घालवायची तर तीही बहुतेक शुक्रवारीच. म्हणून गुरुवारी संध्याकाळी भट्टी भरायची नाही, हा नियम गाळ्याच्या दारावर खडूने लिहिलेला आहे.

गाळा घेण्याआधी आम्ही घरच्या बाल्कनीत काम करायचो. सिलिंडर पाहून सोसायटीने हरकत घेतली, त्यात त्यांचं काही चूक नव्हतं. गाळा मिळाला, १९ किलोचे व्यावसायिक सिलिंडर आले, ऑक्सिजनच्या नळकांड्या आल्या. घडी बसतेय असं वाटतंय तोवर करोना आला. पहिली लाट आम्ही घरी मणी ओवत काढली. दुसरीत, एप्रिल २०२१ मध्ये, केंद्र सरकारने मोजके उद्योग वगळून बाकी सगळ्यांचा औद्योगिक ऑक्सिजन थांबवला. तो दवाखान्यांना हवा होता. आमच्या पुरवठादाराचा फोन यायच्या आधीच नानांनी भरलेली नळकांडी परत न्यायला सांगितली होती. पोपटाच्या शेपटीसाठी ऑक्सिजन जाळायचे ते दिवस नव्हते.

लाट ओसरल्यावर लोकांच्या घरांतली ऑक्सिजन कॉन्सन्ट्रेटर यंत्रं विकायला निघाली. हवेतला नायट्रोजन झिओलाइट नावाच्या सच्छिद्र खनिजावर अडकवून ती उरलेला ऑक्सिजन देतात. बोरोसिलिकेटला तो कमी पडला असता, मऊ काचेला पुरतो. आज आमचे सगळे बर्नर यंत्रांवर चालतात, नळकांडी एकच, अडीअडचणीला.

आता भावाचं. सुरुवातीला मीही किलोच्या हिशेबाने विचार करायचे. काच एवढ्याची, गॅस एवढ्याचा, भागिले मणी. उत्तर इतकं कमी यायचं की जाऊबाई म्हणाल्या, "वहिनी, आपण काच विकत नाही, ज्योतीपुढची मिनिटं विकतो. ती मोजा." त्या दिवसापासून प्रत्येक बर्नरपुढे घड्याळ आहे. ज्योतीपुढचा वेळ, त्यात काच, भट्टीचा वाटा आणि फुटलेल्या मालाचा वाटा मिळवून भाव निघतो. मोदक १८० रुपये, पापलेट ३२०, पोपट ४५०. घासाघीस करणाऱ्यांना मी घड्याळ दाखवते. काही जण हसून घेतात, काही निघून जातात.

सगळ्यात जास्त वाद जोडीवरून होतो. कानातल्यांसाठी दोन पोपट हवेत, एक डावीकडे बघणारा, एक उजवीकडे, त्याच उंचीचे, त्याच वजनाचे. हाताने केलेल्या कामात हे दुर्मीळ. तीन-चार करावेत तेव्हा एक जोडी जुळते. म्हणून आमच्याकडे जोडीचा भाव दुपटीपेक्षा जास्त आहे. बाकी सगळीकडे दोन घेतले की सूट मिळते, आमच्याकडे उलटं. बेलापूरच्या अर्बन हाटमध्ये एक मावशी यावरून माझ्याशी चांगल्या भांडल्या आणि शेवटी न जुळलेले दोन पोपट घेऊन गेल्या. आता तसे आम्ही "भांडकुदळ जोडी" म्हणून वेगळ्या ट्रेमध्ये ठेवतो, आणि ते खपतात.

पापलेट ही चेंदणी कोळीवाड्यातल्या एका गिऱ्हाइकाची देणगी. आम्ही आपले मासा म्हणून कुठलाही मासा करायचो. त्या म्हणाल्या, "हा कुठला मासा? शेपूट अशी असते का?" आणि दुसऱ्या दिवशी खरं पापलेट घेऊन गाळ्यात हजर. बोंबीलही करून बघा म्हणाल्या. बोंबील काही काचेत उभा राहत नाही.

प्रदर्शनात हमखास विचारतात, ही इटलीची कला ना? कांड्या तिकडच्या, हे खरं. पण कोल्हापूरच्या ब्रह्मपुरी टेकडीवर १९४५-४६ साली ह. धी. सांकळिया आणि मो. ग. दीक्षित यांनी उत्खनन केलं तेव्हा सातवाहन काळातले काचमणी निघाले. तेर, नेवासे, पैठण इथेही निघाले. आणि तेवढं मागे कशाला जायचं, मंगळसूत्रातले काळे मणी काचेचेच तर असतात.

साच्यातले स्वस्त पोपट बाजारात आले तेव्हा आमचे घाऊक ग्राहक कमी झाले. त्यांच्या भावाशी आम्हाला झुंजता येणार नव्हतं, म्हणून आम्ही घडण बदलली. साचा उघडावा लागतो, त्यामुळे त्यातल्या पोपटाची चोच छातीला चिकटलेली असते आणि अंगावर जोडाची रेघ राहते. आमच्या पोपटाची चोच आता सुटी असते, खालून दोरा जाईल एवढी. गिऱ्हाईक दोरा घालून बघतं आणि मग मला काही बोलावं लागत नाही. सरकारदरबारी मात्र फरक नाही. बिलावर आमचा पोपट आणि किलोवरचे मणी ७०१८ या एकाच एचएसएन शीर्षाखाली, म्हणजे जीएसटीसाठीच्या मालाच्या एकाच क्रमांकाखाली, येतात.

आम्ही विकतो नगावर, पण पगार नगावर देत नाही. यावर मला बऱ्याच उद्योजक मैत्रिणींनी वेड्यात काढलं आहे. नगावर पैसे दिले की हात घाई करतो, मणी ज्योतीतून लवकर निघतो आणि तडा भट्टीत दिसतो. महिन्याचा पगार ठरलेला असेल तर बाई सावकाश काम करते, आणि काचेला सावकाशच हवं असतं.

मोदकांच्या ऑर्डरी आषाढ संपेपर्यंतच घेतो, नंतर कितीही ओळखीचं असलं तरी नाही. लहान बाळांच्या मनगट्यांसाठी घडवलेले मणी आम्ही देत नाही, बाळ चावतं. साधे गोल काळे मणी हवे असतील तर कासाराकडे मिळतात, तो पत्ता आम्ही आनंदाने देतो.

सध्या गाळ्यात वाद दुसऱ्या भट्टीचा आहे. माझं म्हणणं, मोठी घ्यावी. नानांचं म्हणणं, लहान दोन घ्याव्यात, एक बिघडली तर दुसरी चालेल. जाऊबाई म्हणतात, आधी थ्री-फेज मीटर येऊ द्या. त्याचा अर्ज भरून झालाय, भट्टीचं गणपतीनंतर बघू.