सफरचंद कुणाच्या डोक्यावर

पुण्यातल्या एका हॉस्पिटलात दर गुरुवारी आम्ही दोघं विदूषक बनून लहान मुलांच्या वॉर्डात जातो. नाकावर लाल बोंड, अंगात ढगळ कपडे. मी डॉक्टरीणबाई, जोडीदार माझा वॉर्डबॉय. तो घोळ घालतो, मी चापट मारते. सहा वर्षं हाच खेळ. चापट अर्थात खोटी. माझा हात गालाच्या अलीकडेच थांबतो, तो मान झटकतो आणि त्याच क्षणी कमरेपाशी स्वतःच टाळी वाजवतो. आवाज असा निघतो की सुरुवातीला सिस्टरसुद्धा दचकायच्या.

त्या दिवशी खिडकीजवळच्या खाटेवर नऊएक वर्षांची मुलगी होती. मांडीचं हाड मोडलेलं, पाय ट्रॅक्शनला, खाटेच्या पायथ्याशी वजनं लोंबत होती. आधीच्या गुरुवारीही तिनं आम्हाला नुसतं पाहून घेतलं होतं, ओठसुद्धा हलवला नव्हता. बाकीची पोरं खिदळत होती. मी तिसरी चापट मारली आणि ती मोठ्यानं म्हणाली, "दर वेळी यालाच का मारता? काळा आहे म्हणून?"

"अगं गप," तिची आजी पुटपुटली. मुलगी स्वतः सावळी. माझा जोडीदार चांगलाच काळा, आणि मी, लग्नाच्या जाहिरातीत लिहितात तशी, गोरी. खोलीत अचानक पंखे बंद पडल्यावर जसं होतं तसं झालं. माझे कान तापले.

हे कधी मनातच आलं नव्हतं, असं म्हणून सुटता आलं असतं. पण ती चापट आम्ही कुठून उचलली ते मला पक्कं माहीत होतं. फुटिट आणि शोकोला. पॅरिसच्या सर्कशीतली ही विदूषकांची जोडी 1895 ते 1910 या काळात फार गाजली. विदूषकी शिकताना मला त्यांच्या जुन्या चित्रफिती दाखवल्या होत्या, पुढे मीही शिबिरांतून नव्या मुलांना दाखवत आले. फुटिट इंग्रज, तोंडाला पांढरा रंग फासलेला, हुकूम सोडणारा. सर्कशीत याला पांढरा क्लाऊन म्हणतात, आणि त्याच्यासमोरच्या गबाळ्या बावळटाला, म्हणजे इथं काळ्या शोकोलाला, ऑगस्त. आपल्या तमाशातला सोंगाड्याही मार खातो, पण खाता खाता राजाला शब्दांत गुंडाळतो. शोकोलाच्या वाट्याला बहुतेक वेळा लाथच.

शोकोलाचं खरं नाव राफाएल. क्युबात गुलामीत जन्मला, पोरवयातच स्पेनला नेला गेला. तिथं एका इंग्रज विदूषकानं त्याला नोकर म्हणून ठेवलं आणि 1886 मध्ये पॅरिसच्या नूव्हो सर्क या सर्कशीत आणलं. 'शोकोला' म्हणजे चॉकलेट. कातडीवरून पडलेलं नाव. शिबिरात मी एक गोष्ट मात्र पटकन उरकायचे: फुटिटशी जोडी जमण्याच्या कितीतरी आधी, 1888 मध्येच, त्याच्या नावाच्या मूकनाट्यानं पॅरिस जिंकलं होतं. नाचायचा उत्तम. चित्रकार तूलूज-लोत्रेकनं त्याला बारमध्ये नाचताना रेखाटलंय. लोकांच्या लक्षात राहिला तो लाथा खाणारा. 'मी शोकोला झालो' म्हणजे 'मी फसलो', हा फ्रेंचमधला वाक्प्रचारही या जोडीमुळेच सगळ्यांच्या तोंडी बसला.

आणि पॅरिसच्या हॉस्पिटलांत आजारी मुलांना हसवायला जाणाऱ्या सुरुवातीच्या विदूषकांत हाच राफाएल होता. म्हणजे आमच्या धंद्याचा खापरपणजोबा. हे मी प्रत्येक शिबिरात अभिमानानं सांगते. जोडी फुटल्यावर त्याचे दिवस फिरले, 1917 मध्ये तो बोर्दोला वारला आणि गरिबांसाठी राखलेल्या जागेत पुरला गेला, हेही सांगते. आवाज जड करून. आणि दुसऱ्या दिवशी वॉर्डात जाऊन जोडीदाराला चापट.

खाटेपाशी यातलं काहीही आठवलं नाही, हे प्रामाणिकपणे सांगायला हवं. मी नुसती उभी होते. सावरलं ते जोडीदारानं. त्यानं मुलीला वाकून नमस्कार केला. "मॅडम, बरोबर बोललात. मग आता कुणाला?"

तिनं माझ्याकडे बोट केलं.

त्यानं आजीला खुणेनं विचारून कपाटावरचं सफरचंद घेतलं आणि माझ्या डोक्यावर ठेवलं. मग बिनसुईच्या सिरिंजमध्ये पाणी भरून ती मुलीच्या हातात दिली. मी ओळखलं. 1900 च्या पॅरिस प्रदर्शनात या जोडीची विल्यम टेलची, म्हणजे मुलाच्या डोक्यावरचं सफरचंद बाणानं उडवणाऱ्या दंतकथेतल्या तिरंदाजाची, फीत दाखवली होती. शोकोलाच्या डोक्यावर सफरचंद, फुटिट नेम धरतोय, आणि हा पठ्ठ्या सफरचंद खाऊन टाकतो. मीही ती नेम धरेपर्यंत सफरचंद काढून हळूच एक घास घेतला.

"खाल्लं! हिनं खाल्लं!" ती ओरडली आणि पाण्याची चिळकांडी थेट माझ्या डोळ्यात.

दुसऱ्यांदा सफरचंद डोक्यावर. दुसरा घास. पुन्हा चिळकांडी. "वजनं हलवायची नाहीत हं," सिस्टर लांबून ओरडल्या, म्हणून ती पोटावर हात दाबून हसत होती. अर्धं सफरचंद संपेपर्यंत माझा कोट ओलाचिंब झाला आणि शेजारच्या खाटेवरच्या पोरानं स्वतःसाठी सिरिंज मागितली.

जिन्यात आम्ही नाकं काढली. मी म्हटलं, "सहा वर्षं तू काही बोलला का नाहीस?"

"पहिल्या दिवशी ठरवलं कुणी होतं, मार कोण खाणार ते?"

मी आठवून पाहिलं. ठरवलं नव्हतं. मी डॉक्टरचा कोट उचलला होता, त्यानं उरलेले कपडे घातले होते. बस्स.

"चल," तो म्हणाला, "गाल पुढे कर. टाळी तू वाजवायची."

त्याचा हात आला, मी मान झटकली, टाळी वाजवली. पार्किंगमधल्या वॉचमननं वळून पाहिलं आणि मान फिरवली.

"उशीर," जोडीदार म्हणाला. "परत."