खासगी आणि दौलत

माझा जुना फोन स्वभावाने चांगला होता. पाच वर्षांत त्याने मला एकदाच दगा दिला, आणि तोही चांगुलपणाच्या भरात.

डॉक्टरांनी माझी साखर बंद केली त्याला सात महिने झाले होते. त्या रविवारी रात्री इंदूरच्या रामबागेत गणेशोत्सव मंडळाची बैठक होती. पहिलीच बैठक, त्यात मागच्या वर्षाचा हिशेब. म्हणजे अकराच्या आत मी घरी येत नाही, हे आमची ही गृहीत धरून होती. कोरमच न भरल्यामुळे बैठक नऊला उठली. आता रामबागेतून सुदामा नगरला जायचं तर वाटेत राजवाडा आणि त्याला लागून सराफा. दिवसभर तिथे सोन्याचांदीचे व्यवहार चालतात, आणि शटर खाली आली की त्याच ओट्यांपुढे कढया चढतात. अशा वेळी सराफा टाळून घरी जायचं तर रस्ताच वाकडा करावा लागतो. मी सरळमार्गी माणूस. एक जलेबा खाल्ला. एकच. अर्थात जलेब्याच्या बाबतीत ‘एकच’ या शब्दात दम नाही, हे इंदूरच्या माणसाला सांगायला नको. नात्यात ती जिलबीची आत्या लागते, वजनाने चौपट आणि तेवढीच प्रेमळ. खाण्याआधी फोटो काढून पुण्याच्या मित्राला पाठवला, म्हणजे त्यालाही त्रास झाला पाहिजे.

सकाळी पोह्यांवर जिरावण, म्हणजे आमचा इंदुरी मसाला, टाकत होतो, तेवढ्यात टेबलावरचा फोन उजळला. सराफा चौपाटी कशी वाटली, असं तो आपुलकीने विचारत होता. पाच तारे रिकामे ठेवले होते. खाली लिहिलं होतं की तुमचं मत इतरांना उपयोगी पडेल. हिचा चष्मा दुर्दैवाने डोळ्यांवरच होता.

“उपयोगी पडेल म्हणतोय,” ती म्हणाली. “द्या की मत.”

संध्याकाळी मुलीचा बंगळुरूहून फोन. प्रकरण तिच्यापर्यंत पोचलं होतं. “बाबा, तुमचं लोकेशन चोवीस तास चालू असतं. सगळा डेटा जातो. आयफोन घ्या, त्यात प्रायव्हसी असते.” गाजरात अ जीवनसत्त्व असतं, त्या सुरात.

प्रायव्हसी म्हणजे खासगीपणा. पण इंदूरच्या मराठी घरात ‘खासगी’ म्हटलं की पहिल्यांदा होळकर आठवतात. त्यांच्याकडे पैशाचे दोन कप्पे होते. एक दौलत, म्हणजे राज्याचं उत्पन्न. फौजफाटा त्यावर चाले. दुसरी खासगी, म्हणजे राणीच्या नावची जहागीर. १७३४ साली ती मल्हाररावांच्या पत्नी गौतमाबाईंच्या नावे झाली आणि त्यांच्यामागे अहिल्याबाईंकडे आली. ठिकठिकाणचे घाट, विहिरी, धर्मशाळा, १७८० मधलं काशी विश्वनाथाचं देऊळ, या सगळ्या दानधर्माशी या खासगीचं नाव जोडलेलं आहे. दोन्हींचे हिशेब वेगळे. खासगी कशी खर्चायची ते जिची ती ठरवणार. लहानपणी मला वाटायचं की खासगी म्हणजे लपवून ठेवलेलं काहीतरी. वडील म्हणत, लपवलेलं नव्हे रे, आपल्या अखत्यारीतलं.

या हिशेबाने पाहिलं तर माझं रात्री सव्वानऊला सराफ्यात असणं ही माझी खासगी. ती कॅलिफोर्नियात कोणाच्या तरी दौलतीत जमा झाली होती, आणि त्यावर तिकडची फौज पोसली जात होती. एवढा विचार डोक्यात आल्यावर मी जेल रोडला गेलो आणि पंचावन्न हजारांचा फोन घेऊन आलो. विचार महाग पडतात.

दुकानातला मुलगा चटपटीत होता. “अंकल, सब आ जाएगा. फोटो, नंबर, व्हॉट्सॲप, सब.” “और बैंक का?” “वो भी आ जाएगा, टेंशन मत लो आप.” त्याने काच चिकटवली, कव्हर चढवलं, फोन चालू केला, माझं नाव-गाव टाकलं आणि नवरी सजवून द्यावी तसा हातात दिला. सजवला हेच चुकलं. अँड्रॉइडवरचं व्हॉट्सॲप आयफोनवर न्यायची सोय २०२२ मध्ये झाली. त्याआधी गप्पा मागेच सोडाव्या लागत. पण माझ्या नशिबी त्या सोयीची अट अशी आली की नवा फोन अगदी कोरा हवा. एकदा संसाराला लागला की नाही. म्हणजे तीन तासांपूर्वी घेतलेला पंचावन्न हजारांचा फोन आधी पुसून टाकायचा. “सगळं पुसू?” असं तो दोनदा विचारतो. दुसऱ्यांदा विचारल्यावर मी पाणी पिऊन आलो.

मग राउटरजवळच्या स्टुलावर दोन्ही फोन शेजारी शेजारी ठेवले. नव्याने आकडा दाखवला, तो जुन्यात भरला, आणि देवाणघेवाण सुरू झाली. या काळात जुन्या फोनला हात लावायचा नाही, दुसरं काही उघडलं की काम बिनसतं. नवा फोन वेळ सांगत होता: एक तास बाकी. थोड्या वेळाने तीन तास बाकी. मग अकरा मिनिटं, की पुन्हा दोन तास. उशिरा धावणाऱ्या गाडीची घोषणा ऐकत फलाटावर बसावं तसा मी बसलो होतो. ही दिवा लावून आली, उभी राहून पाहिलं.

“बघण्याचा कार्यक्रम आहे का?”

“तसंच समज.”

“बोलतायत का दोघं?”

“बोलतायत.”

“माझ्याबद्दल?”

पाच वर्षं. अठरा हजारांवर फोटो, त्यातले निम्मे सुविचार आणि गुलाब. सगळं एकाच स्टुलावर एकाच्या पोटातून दुसऱ्याच्या पोटात चाललं होतं आणि आवाज शून्य. घर बदलताना निदान टेम्पो दारात लागतो, शेजारी गॅलरीत येतात, माठ फुटतो.

सकाळी नव्या फोनमध्ये नावांची यादी उघडली. स्वतःची यादी असं सलग कोणी वाचत नाही. मी वाचली, आणि ओशाळलो. डॉक्टर गुडघा. डॉक्टर गुडघा चांगला. प्लंबर नको. प्लंबर नको दोन. फोटो नव्हे, मेसेज नव्हे, माझी खरी खासगी ही होती: कोणाबद्दल माझं काय मत आहे. आणि ज्या ज्या ॲपला मी ‘संपर्क वाचू का’ याला हो म्हटलं होतं, त्यांना त्या प्लंबरचा नंबर मी न विचारता देऊन बसलो होतो. त्या बिचाऱ्याने कुठे हो म्हटलं होतं? आपण आपल्या वाड्याचं दार उघडतो आणि लुटला जातो तो शेजारी.

याचा उलटा अनुभव माझ्या गाठीशी आहे. मी मंडळाचा चिटणीस, तेरा वर्षं वर्गणीला फिरतोय. एकदा एका अनोळखी माणसाला मी फोन केला, गच्चीच्या गळतीचं काम होतं. त्याने उचललाच नाही. दुसऱ्या दिवशी दुसऱ्या नंबरवरून केला तेव्हा उचलला, आणि म्हणाला, “अरे, कल आप थे क्या? मेरे को लगा चंदे वाले हैं.” त्याच्या फोनमध्ये नाव ओळखणारं ॲप होतं, आणि त्यावर माझं नाव झळकत होतं: गणपती वर्गणी. लोकांनी आपापल्या फोनमध्ये मला जसं लिहून ठेवलंय, ते गोळा करून त्या ॲपने माझं बारसं केलं होतं. बत्तीस वर्षं नोकरी केली, पोरीचं लग्न लावलं, दोनदा नर्मदेची परिक्रमा ठरवून रद्द केली, आणि साऱ्या इंदुरात मी गणपती वर्गणी. ऑगस्टमध्ये माझे फोन कोणी का उचलत नाही, हे कोडं त्या दिवशी सुटलं. या नावाची परवानगी मला कोणी मागितली नव्हती, आणि कुठलाही फोन घेतला तरी ते पुसलं जाणार नाही, कारण ते माझ्या फोनमध्ये नाहीच.

बँकेचं काही आलं नाही. सिमवरून मेसेज, ओटीपी, पुन्हा पिन, दोन दिवस त्यात गेले. सोडून द्या.

नवा फोन मात्र परवानग्यांच्या बाबतीत भलताच सोवळा निघाला. जुन्यावर मी असा कधी थांबलोच नव्हतो. भटजी ‘मम म्हणा’ म्हणतात आणि आपण म्हणतो, तसं मी पाच वर्षं ‘अलाऊ’ म्हणत आलो होतो. आता थांबून वाचायला लागलो तर मजा दिसायला लागली. लाइट गेल्यावर लावायच्या टॉर्चला मी कुठे आहे हे कशाला कळायला हवं? ही माझी शंका नवी नाही. अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने २०१३ मध्ये एका टॉर्चच्या ॲपला याचसाठी धरलं होतं. ते लोकांना न सांगता त्यांचा ठावठिकाणा जाहिरातवाल्यांना पुरवत होतं. उजेड फुकट, तेल आपलं.

एक खिडकी तर मला फारच आवडली. हे ॲप इतरत्रही तुमच्या मागावर राहू इच्छितं, चालेल का? एप्रिल २०२१ पासून आयफोनवर हे विचारावंच लागतं. त्यात नकाराच्या बटणाची भाषा बघण्यासारखी आहे. ‘थांबव’ असं नाही म्हणत. ‘मागावर राहू नको असं ॲपला सांगून बघा’ अशा वळणाची आहे. फोनने जाहिरातींसाठी दिलेला ओळखक्रमांक ॲपला मिळत नाही, एवढं पक्कं. बाकी, सांगितलेलं ॲपने ऐकलं तर ऐकलं. आमच्या सोसायटीत ‘येथे वाहने लावू नयेत’ लिहिलंय, तिथे सहा स्कूटर उभ्या असतात.

कायद्यानेही आपल्या बाजूने पुष्कळ केलंय. २४ ऑगस्ट २०१७ ला सुप्रीम कोर्टाच्या नऊ न्यायमूर्तींनी एकमताने खासगीपणा हा मूलभूत हक्क ठरवला. २०२३ च्या कायद्यात तर असं आहे की माहिती वापरायची संमती मागणारी सूचना इंग्रजीत किंवा राज्यघटनेच्या आठव्या परिशिष्टातल्या कुठल्याही भाषेत वाचायची सोय हवी. म्हणजे बावीस भाषा, त्यात आपली मराठी आलीच. वाचायचा कंटाळा मात्र बावीसही भाषांत सारखाच येतो.

आठवडाभर मी आयफोनवाला म्हणून ताठ फिरलो. मग काहीतरी शोधायला खिडकी उघडली आणि उत्तरं आली ती गूगलची. मुलीला विचारलं तर ती हसली. अमेरिकेतल्या खटल्यात बाहेर आलं आहे म्हणे, की ॲपलच्या सफारी ब्राउझरमध्ये शोध आपल्याकडेच यावा म्हणून गूगलने एकट्या २०२२ मध्ये सुमारे २० अब्ज डॉलर ॲपलला दिले. म्हणजे मी मोहल्ला बदलला, पण दळण त्याच गिरणीत जात होतं, आणि नव्या घरमालकाला त्याचं कमिशन. त्यात पहिल्याच दिवशी मी स्वतःच्या हाताने गूगलचा नकाशा, गूगलची मेल, गूगलचा कीबोर्ड नव्या फोनमध्ये आणून ठेवले होते, कारण त्यांच्याशिवाय मला करमत नाही. दागिने नव्या तिजोरीत ठेवायचे आणि जुन्या चौकीदाराला किल्लीसकट सोबत आणायचं, असा माझा कारभार.

आणखी एक सांगायलाच हवं, हिच्या देखत सांगणार नाही. जुना फोन विकायच्या आधी पुसायला घेतला, तेव्हा त्याची सेटिंग्ज मी आयुष्यात पहिल्यांदा नीट पाहिली. कुठे कुठे गेलो याची नोंद बंद करता येत होती. तीन महिन्यांहून जुनी नोंद आपोआप पुसली जावी असंही ठेवता येत होतं. ‘कशी वाटली’ विचारणारी ती आगाऊ चौकशीसुद्धा बंद होत होती. सगळ्या मिळून सात-आठ टिचक्या. फुकट. जेल रोडच्या त्या मुलाने जुन्या फोनचे साडेचार हजार सांगितले, मी काही न बोलता तो परत आणला आणि कपाटात बंद पडलेल्या चष्म्यांशेजारी ठेवला.

गणपती बसून उठले. काल ही माझा फोन घेऊन गॅसच्या सिलिंडरचा ओटीपी बघत होती. बराच वेळ झाला तरी आवाज नाही, मग एकदम मंद पियानो वाजायला लागला. मी आतून आलो. फोनने आपल्या मनाने माझ्या फोटोंची एक छोटी फिल्म तयार करून पुढ्यात ठेवली होती. पडद्यावर जलेबा होता, मोठा मोठा होत कॅमेऱ्याकडे येत होता, पाक चमकत होता. जुन्या फोनमधलं सगळं त्या स्टुलावरून इकडे आलं होतं, तारखेसकट. दुकानवाला एवढं मात्र खरं बोलला होता.

मी लगेच मुलीला फोन लावला, हिच्याच फोनवरून. ती म्हणाली, “काळजी नको बाबा, ते सगळं फोनच्या आतल्या आत ओळखलं जातं. बाहेर कुठे काही जात नाही.”

“बाहेर नाहीच गेलं,” ही म्हणाली, पडद्यावरून नजर न काढता.

जलेब्यानंतर तळलेल्या गराडू कंदाची प्लेट आली, वर जिरावण भुरभुरलेलं. मी म्हटलं, गराडू काही गोड नसतो.

“पुढे तर बघू,” ती म्हणाली. पुढे पाकातली मावाबाटी होती, दोन चमचे घातलेली. पियानो संपला. तिने चष्मा पुसला, नीट बसवला आणि फिल्म पुन्हा पहिल्यापासून लावली.

“थांबा, मावाबाटीची तारीख दिसली नाही.”